मेन ऑफ आयर्न: पटावरचं क्रेसी आणि प्वात्ये, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नक्की कसला खेळ आहे?

दोघांनी समोरासमोर बसून खेळायचा लढाईचा खेळ, ज्याला ‘टॅक्टिकल’ म्हणतात तसा. टेबलभर रणांगणाचा छापील नकाशा पसरायचा. त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं असतात आणि घरांत पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनी सोंगट्या मांडायच्या. एक सोंगटी म्हणजे एक तुकडी: चिलखती घोडेस्वार, लांब धनुष्यवाले, क्रॉसबोवाले (क्रॉसबो म्हणजे चाप दाबून सोडायचं आडवं धनुष्य), भालेकरी. रिचर्ड बर्ग या अमेरिकन रचनाकाराचा हा खेळ जीएमटी गेम्सने २००५ मध्ये काढला. नंतर त्याच नियमांवर धर्मयुद्धांचा भाग आला, इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धाचा, म्हणजे राजगादीसाठीच्या यादवीचा, आला. बर्ग २०१९ मध्ये गेला. २०२० मध्ये पहिले तीन भाग एकाच जाडजूड खोक्यात निघाले आणि आमच्यासारख्या उशिरा जागे झालेल्यांची सोय झाली.

‘टॅक्टिकल’ म्हणजे काय? रिस्कसारखं का?

नाही. रिस्कमध्ये तुम्ही खंड जिंकता, इथे एक टेकडी मिळाली तरी भरून पावल्यासारखं वाटतं. कर गोळा करणं, तह, रसद यातलं काहीही नाही. सैन्यं मैदानात पोचली आहेत, ऊन उतरणीला लागलंय आणि समोर शत्रू उभा आहे, इथून पुढचे काही तास तेवढे तुमचे.

कोणत्या लढाया आहेत?

पहिल्या भागात सहा: फॉल्कर्क (१२९८), कुर्त्रे (१३०२), बॅनकबर्न (१३१४), क्रेसी (१३४६), प्वात्ये (१३५६) आणि नाखेरा (१३६७). फॉल्कर्क आणि बॅनकबर्न स्कॉटलंडमधल्या, नाखेरा स्पेनमधली. म्हणजे फ्रेंच सैन्याची मुख्य परीक्षा पाहणाऱ्या तीनच, कुर्त्रे, क्रेसी आणि प्वात्ये. तीनही फ्रान्स हरला! २०२० च्या खोक्यात १४१५ ची अझँकूरही आहे. तीही हरलाच.

या पानावर मी मुख्यतः या फ्रेंच लढायांबद्दलच लिहितोय, कारण मला विचारणारे बहुतेक जण तिथेच अडकलेले असतात. स्कॉटलंडवाल्यांनी माफ करावं.

मग फ्रेंचांकडून खेळायचंच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

क्रेसीची मांडणी बघा. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड उतारावर ठाण मांडून बसलेला, स्वतः पवनचक्कीपाशी उभा. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा आघाडीच्या फळीत. समोरून फ्रान्सचा राजा सहावा फिलिप येतोय, पण त्याचं सैन्य दिवसभर चालून आलंय आणि मागच्या तुकड्या अजून रस्त्यातच आहेत. फिलिपला दुसऱ्या दिवशी लढा म्हणणारे सल्लागार होते. पण पुढचे थांबेनात, मागचे ढकलत आले, आणि २६ ऑगस्टच्या संध्याकाळी लढाई जुंपली. पहिल्यांदा जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले पुढे गेले. आडोशाला धरायच्या त्यांच्या मोठ्या ढाली मागे गाड्यांत राहिल्या होत्या. लांब धनुष्यांच्या माऱ्यापुढे ते फिरले, तसा राजाचा भाऊ आलाँसों याचे घोडेस्वार त्यांनाच तुडवत पुढे गेले.

आता पटावर या. फ्रेंचांकडे सोंगट्या भरपूर असतात, आणि अंगावर धावून जाण्यात त्यांच्या चिलखती स्वारांना तोड नाही. नाहीत ते आवरून धरणारे सरदार. खेळ तुम्हाला विचारतो तो प्रश्न असा: हे सगळं बळ एकाच वेळी, एकाच जागी आदळेपर्यंत तुम्ही हात बांधून बसू शकता का? फिलिपला जमलं नाही. तुम्हाला जमलं तर क्रेसीचा निकाल फिरतो, आणि मी तो फिरताना पाहिलाय. इंग्रजांकडून जिंकलेले चार डाव मी विसरलो असेन, पण फ्रेंचांकडून जिंकलेला एक अजून तोंडपाठ आहे.

यात पाळी नसते म्हणतात. म्हणजे खेळायचं कसं?

आपली पहिली, तुझी दुसरी असा सरळ क्रम नाही, हे खरं. सैन्य फळ्यांमध्ये विभागलेलं असतं: आघाडी, मधली, पिछाडी. प्रत्येक फळीला एक सरदार आणि त्या सरदाराच्या सोंगटीवर एक आकडा. तुमच्याकडे डाव आला की एक फळी फुकटात हलवता येते. तिच्या हालचाली झाल्या, बाण झाले, हातघाई झाली, की पुढचा निर्णय तुमचा. थांबायचं, की दुसरी फळी हलवायचा प्रयत्न करायचा? प्रयत्न करायचा तर दहा बाजूंचा फासा टाकायचा. त्या सरदाराच्या आकड्याइतका किंवा कमी पडला तर फळी हलते, जास्त पडला तर डाव समोरच्याकडे जातो. तीच फळी लागोपाठ दोनदा हलवता येत नाही. शिवाय तुमचा डाव मध्येच हिसकावून घेण्यासाठी समोरच्याकडे काही खास सोंगट्या असतात.

चांगल्या सरदाराचा आकडा मोठा, बेभरवशाच्या सरदाराचा लहान. म्हणजे राजा ओरडतोय आणि डावीकडचा सरदार ऐकतच नाही, हे फाशावर दिसतं.

फाशावरचा ० म्हणजे शून्य, दहा नव्हे. नव्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच डावात भांडण ठरलेलं.

म्हणजे सगळं नशिबावरच?

असं वाटतं खरं. पण नशीब किती वेळा अजमावायचं, हे तुमच्याच हातात असतं.

मी माझ्या मेव्हण्याबरोबर खेळतो. गेल्या दिवाळीत क्रेसीच होती, मी फ्रेंच. क्रॉसबोवाले पुढे गेले, मार खाऊन विस्कळीत झाले आणि नेमके माझ्या घोडेस्वारांच्या वाटेत अडकून बसले. मागून दुसरी फळी अजून दोन-तीन चालींवर. शहाण्या माणसाने इथे डाव सोडून दिला असता. मेव्हणा म्हणालासुद्धा, “दाजी, थांबा की जरा, मागचे येऊ द्या.” शत्रूने दिलेला सल्ला कोण ऐकतो? मी फासा उचलला. फासा पडला तो थेट शोकेसखाली. झाडूच्या दांड्याने बाहेर काढला तर ९ वर. (घरचा नियम: टेबलाखाली गेलेला फासा परत टाकायचा. मेव्हण्याला हा नियम त्या क्षणी आठवला नाही, मलाही हट्ट धरवेना.) डाव त्याच्याकडे गेला, आणि गर्दीत कोंडलेल्या माझ्या सोंगट्यांवर त्याने दोन फळ्या मोकळ्या सोडल्या.

त्यात नशीब थोडंच होतं. फासा उचलायचा मोह माझाच होता.

घोडेस्वारांचा धावा केव्हा करावा?

समोर मोकळी जमीन असेल, शत्रू विस्कळीत असेल आणि मागे दुसरी ओळ तयार असेल तेव्हा. तीनपैकी दोन जुळत असतील तर विचार करा. एकच जुळत असेल तर डाव सोडा, चहा घ्या.

धाव्याचा पहिला धक्का जबर बसतो, त्यातून पुढच्या घरातही घुसता येतं. पण धावा संपल्यावर तेच स्वार दमलेले, विखुरलेले आणि इंग्रज पायदळाच्या मधोमध असतात. नवशिके नेहमी धाव्यापुरताच हिशेब करतात. शिवाय शत्रूचे स्वार उलट धावून येऊ शकतात, हे विसरू नका.

धनुष्यवाल्यांपुढे टिकायचं कसं?

लांब धनुष्यवाले तुम्ही जवळ येता येतानाच बाण सोडतात, त्यासाठी त्यांचा डाव असावा लागत नाही. त्यामुळे एकेक तुकडी पुढे पाठवली तर प्रत्येक तुकडी सगळ्या धनुष्यांचा मार एकटीने खाते. रुंद ओळीने एकदम जा.

तुकडीचं तोंड कुठे आहे, यालाही फार महत्त्व आहे. प्वात्येला फ्रेंच मार्शलांचे निवडक स्वार आले तेव्हा त्यांच्या घोड्यांना समोरून चिलखत होतं आणि बाण लागू पडत नव्हते. तेव्हा इंग्रज तिरंदाजांना बाजूला दलदलीकडे सरकवलं आणि त्यांनी घोड्यांच्या मागच्या अंगावर नेम धरला, असं तेव्हाचा वृत्तांत सांगतो. पटावरही बाजू उघडी ठेवलीत की हेच होतं. शेवटच्या चालीत सोंगटी फिरवायची राहून गेली, हे माझ्या निम्म्या पराभवांचं कारण आहे.

बाण बसले की चिलखती स्वारांचे घोडे जातात आणि स्वार पायउतार होतात. तुकडी मेली असं समजू नका. पायी चिलखती माणूस हातघाईत अजूनही भारी पडतो, फक्त पोचायला वेळ घेतो.

सुरुवात कोणत्या लढाईने करावी?

कुर्त्रेने. क्रेसी प्रसिद्ध आहे म्हणून सगळे तिथे उडी मारतात आणि फ्रेंच बाजूचा माणूस पहिल्याच दिवशी कंटाळतो.

कुर्त्रेमध्ये गंमत उघड दिसते. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) शहरांतले विणकर, खाटीक, कारागीर पायी उभे आहेत. हातात भाले आणि ‘खुदेन्दाख’ म्हणून एक प्रकार, म्हणजे जाड सोटा आणि त्याच्या टोकाला लोखंडी सुळा. त्यांच्यासमोर ओढे. पलीकडे आर्त्वाचा रोबेर आणि फ्रान्सचे बडे सरदार. फ्रेंच पायदळ बरं चाललं होतं, तरी मान स्वारांना मिळावा म्हणून त्यांना मागे बोलावलं, असं सांगतात. स्वार ओढ्यांत अडखळले, चढावर त्यांचा वेग गेला आणि कारागिरांनी त्यांना घोड्यांवरून खाली ओढलं. रोबेर तिथेच पडला. पडलेल्या सरदारांच्या सोनेरी टाचा, म्हणजे घोड्याला डिवचायच्या आरा, गोळा करून कुर्त्रेच्या चर्चमध्ये टांगल्या, म्हणून ११ जुलैची ती ‘सोनेरी टाचांची लढाई’. ऐंशी वर्षांनी, १३८२ मध्ये, फ्रेंचांनी रोझबेक जिंकलं आणि टाचा परत नेल्या.

पटावर या लढाईचा जीव ओढ्यात आहे. ओढा ओलांडताना तुकडी विस्कळीत व्हायचा धोका असतो, हे एकदा कळलं की जमीन वाचायची सवय लागते. पुढच्या सगळ्या लढायांना ती कामी येते.

प्वात्ये कशी आहे?

माझी सगळ्यात आवडती. दोन्ही बाजू बराच वेळ जिंकू शकतात.

फ्रान्सचा राजा जाँ याने बहुतेक स्वारांना पायउतार केलं होतं. फळ्या एकीमागून एक आल्या. युवराजाची फळी हातघाईत झिजून मागे फिरली. ऑर्लेआँच्या ड्यूकची फळी तर न लढताच निघून गेली. मग स्वतः राजा आला. तोवर इंग्रज दमले होते, बाण संपत आले होते. पण इंग्रजांच्या बाजूचा सरदार काप्ताल द बूश मूठभर माणसं घेऊन टेकडीआडून वळसा घालून फ्रेंचांच्या मागे उगवला. ओरिफ्लाम हे तांबडं निशाण धरणारा जोफ्र्वा द शार्नी मारला गेला. राजा आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा फिलिप पकडले गेले. पुढे १३६० च्या ब्रेतिन्यी तहात राजाची खंडणी तीस लाख सोन्याची एक्यू नाणी ठरली.

फ्रेंचांकडून खेळत असाल तर अर्थातच फळ्या जवळ-जवळ आणा. इंग्रजांकडून असाल तर एक राखीव तुकडी कुठेही खर्च करू नका, कितीही हात शिवशिवले तरी. काप्तालचा वळसा जमतो तो राखून ठेवलेल्या माणसांवर.

जिंकलो हे कधी कळतं?

सगळे मारावे लागत नाहीत. मेलेल्या, पळालेल्या तुकड्यांचे पळापळीचे गुण साठत जातात. ठरलेल्या वेळी त्यात फाशाचा आकडा मिळवायचा. बेरीज सैन्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की सैन्य मैदान सोडतं. मर्यादेजवळ आलात की प्रत्येक फाशाला पोटात गोळा येतो. एकदा मेव्हणा कागदावरचे गुण मोजून बराच वेळ गप्प होता आणि मी उगाच पाणी प्यायला उठलो होतो, इतकं ते असह्य होतं.

निशाणाच्या सोंगटीचं काय काम?

माघारी पळालेल्या तुकड्या निशाणाभोवती गोळा होतात आणि तिथून त्यांना पुन्हा उभं करता येतं. निशाण फार पुढे रोवलंत तर पळालेले शत्रूच्या जवळ जमतात, फार मागे रोवलंत तर परत येईपर्यंत लढाई संपलेली असते.

एकट्याने खेळता येतो का?

येतो, आणि छान येतो. पत्ते लपवायचे नसतात, सगळं पटावर उघडं. डाव कुणाकडे जाईल हे फासा ठरवतो, त्यामुळे स्वतःलाही अंदाज लागत नाही. मी लढाई शिकताना आधी एकदा एकटाच खेळून घेतो. फक्त मनातून एका बाजूचे होऊ नका. मी नेहमी होतो.

किती वेळ लागतो?

दोघांना नियम येत असतील तर कुर्त्रे एका दुपारी आरामात. क्रेसीला जेवणाची सुट्टी धरा. पहिल्यांदा खेळताना निम्मा वेळ नियमपुस्तिकेत जातो, त्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी टेबल तसंच ठेवायची परवानगी घरातून आधी घ्या.

नियम मराठीत आहेत का?

माझ्या पाहण्यात नाहीत, इंग्रजीतच आहेत. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात, तेव्हा खेळ घेण्याआधी वाचून बघा. आम्ही तक्ते तेवढे मराठीत हाताने लिहून काढलेत: विस्कळीत, माघार, पायउतार, खलास. ‘खलास’ म्हणून सोंगटी उचलण्यात वेगळीच मजा आहे.

फार महाग आहे. आधी चाखून बघता येईल?

येईल. व्हॅसल नावाची फुकट प्रणाली आहे, तिच्यावर संगणकाच्या पडद्यावर असे खेळ मांडता येतात. परदेशातल्या मित्राशीही खेळता येतं. आमचा एक जण दुबईत असतो, त्याच्याशी नाखेरा अशीच चालू आहे, गेला पावसाळाभर.

बाहेरून खोकं मागवणार असाल तर किमतीवर टपाल आणि कस्टम्सचा खर्च धरूनच हिशेब करा. दोघा-तिघांनी मिळून मागवलं तर बरं पडतं. माझ्या पहिल्या खोक्याचा एक कोपरा वाटेत पार चेपला होता, आतला माल मात्र शाबूत होता.

ही नावं म्हणायची कशी?

क्रेसी सोपं आहे. प्वात्येला ‘पॉइटिअर्स’ म्हणू नका. अझँकूर म्हणजेच इंग्रजांचं ‘अ‍ॅजिनकोर्ट’. स्पॅनिश नाखेरात ‘ज’ नाही, ‘ख’ आहे. कुर्त्रेला तिथले लोक कोर्त्राइक म्हणतात आणि आज ते बेल्जियममध्ये आहे.

फ्रान्स जिंकल्याच्या लढाया कुठे आहेत?

या पहिल्या खोक्यात नाहीत, आणि माझी ही रास्त तक्रार आहे. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने १२१४ मध्ये बूव्हीनला जर्मन सम्राट ओटोला हरवलं, तेही स्वतः घोड्यावरून खाली ओढला गेल्यानंतर. पाते, १८ जून १४२९: इंग्रज तिरंदाजांनी घोडे अडवणारे खुंट ठोकायच्या आत फ्रेंच स्वार त्यांच्यावर जाऊन आदळले आणि इंग्रज सेनापती टॅलबट पकडला गेला. कास्तियों, १४५३: फ्रेंच तोफखाना सांभाळणाऱ्या ब्युरोच्या तोफांपुढे तोच टॅलबट मारला गेला आणि इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध जवळपास तिथेच संपलं.

पाते वाचून क्रेसी खेळा. त्याच स्वारांनी, त्याच धनुष्यांविरुद्ध, फक्त वेळ साधली. ‘पायदळाचा पुनर्जन्म’ हा खोक्यावरचा विषय असल्याने बर्गने या लढाया घेतल्या नसाव्यात, हे समजू शकतो, पण फ्रान्सबद्दल अर्धंच चित्र उरतं. फ्रेंचांची बाजू फ्रेंचांकडूनच हवी असेल तर त्यांचं ‘व्हे व्हिक्टिस’ मासिक बघा, अंकाबरोबर खेळ देतात.

हेच नियम मराठ्यांच्या लढायांना लावता येतील का?

मी एकदा बसलो होतो कागद घेऊन. जमलं नाही. आपल्या बऱ्याच लढायांचा निकाल दोन सैन्यं एका मैदानात उभी राहण्याच्या आधी किंवा नंतर लागतो: रसद तोडण्यात, घाटात, निघून जाण्यात. या पटाला दोन्ही बाजू उभ्या राहिलेल्या लागतात.

पंखा लावायचा की नाही?

नाही. एप्रिलमध्ये खेळत असाल तरी नाही. नकाशावर जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची काच ठेवली तर घडीचा कागद सपाट राहतो, पण सोंगट्या काचेवर आणखीच घसरतात. आम्ही एकदा पंखा एकवर ठेवून बघितला. दोनवर कुणी केला ते अजून ठरलेलं नाही, आणि एडवर्डची अख्खी पिछाडी सोफ्यावर गेली. टेबलफॅन जमिनीवर, पायांकडे तोंड करून ठेवा.

पावसाळ्यात नकाशा सर्दावतो आणि सोंगट्यांचे कोपरे फुगतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि नवीन सोंगट्यांचे कोपरे नेलकटरने हलकेच छाटा. उचलायला सोपं जातं.

सोंगटी हरवली तर?

आधी केर टाकण्यापूर्वी बघा. नाही सापडली तर तेवढाच चौकोन लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापा, आकडे पेनने लिहा. क्रेसीत फ्रेंचांच्या बाजूने लढलेला आमचा बोहेमियाचा आंधळा राजा असाच आहे, पाठीमागे अर्धा गणपती छापलेला. क्रेसीत तो पडला की मेव्हणा त्याला उचलून कपाळाला लावतो आणि मगच खोक्यात ठेवतो.